अनुकूल दृष्टिकोन

"औषधाविषयी अनुकूल दृष्टिकोन बाळगणाऱ्या रुग्णांच्या जीवनाचा दर्जा लक्षणीयरीत्या उंचावलेला आढळतो." हे वाक्य मनोविकार विभागाच्या प्रतीक्षालयात, पाणी पिण्याच्या यंत्राच्या वर, चौकटीत लावलेले आहे. त्याखाली एका कुटुंबाचे छायाचित्र आहे. चौघेही एकाच दिशेला पाहून हसत आहेत आणि त्या दिशेला काय आहे ते चौकटीत आलेले नाही. मी आयुष्यभर जुन्या हस्तलिखितांचे संपादन करत आलो आहे. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या नकला समोर ठेवायच्या, त्यांतले फरक नोंदवायचे आणि मूळ लेखकाने काय लिहिले असेल ते ठरवायचे, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे एखादे वाक्य फार गुळगुळीत दिसले की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. असे वाक्य बहुधा मूळचे नसते, मधल्या कोणीतरी ते घासून दिलेले असते. या वाक्यातून काय काय घासून काढले आहे याचा विचार मी त्याच्यासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पुष्कळदा केला आहे. आढळतो, पण कोणाला? उंचावलेला, पण कशापेक्षा? दृष्टिकोन अनुकूल म्हणून दर्जा उंचावतो, की ज्याचे बरे चालले आहे तो कशाबद्दलही बरेच बोलतो, औषधाबद्दल काय आणि नगरपालिकेबद्दल काय? शिवाय ज्याला घरी जायचे आहे तो माणूस विचारणाऱ्याला हवे तेच उत्तर देतो, हे या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात राहून आलेल्या कोणालाही ठाऊक आहे. दृष्टिकोन रुग्णाचा, असे वाक्यात धरून चाललेले आहे. पण ज्या घरात गोळी दिली जाते त्या घरात रुग्णाखेरीज इतर माणसेही राहतात, आणि दृष्टिकोन त्यांनाही असतात. एक अगदी साधा प्रश्न मात्र मला त्या खुर्चीत कधीच सुचला नाही. सुचायला हवा होता. ज्याचा दृष्टिकोन इतका अनुकूल, त्याच्या पोटात औषध गेले होते का?

गेल्या आठवड्यात मला आतल्या खोलीत एका संशोधक मुलीसमोर बसवण्यात आले. डॉक्टरांच्या पाहणीसाठी ती रुग्णांच्या मुलाखती घेत होती. पेनाचे टोपण चावण्याची तिला सवय होती आणि प्रश्न वाचताना ती आवाज थोडा मोठा करी, जणू मनाचा आजार कानांतून सुरू होतो. औषध मी आपणहून घेतो की कोणी घ्यायला लावते म्हणून घेतो, त्याने मला हलके वाटते की जड, ते बंद करावेसे कधी वाटते का, असे तिने विचारले. परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असावा तशा सहजतेने मी उत्तरे देत गेलो. मग तिने विचारले, गोळ्या चालू असताना तुम्हाला तुम्ही स्वतःसारखे वाटता का? मी म्हणालो, "हो. अलीकडे." आणि बोलल्यावर माझ्या लक्षात आले, की हे उत्तर मी तिच्यासाठी दिलेले नाही, ते खरे आहे. शेजारच्या खुर्चीत बायको होती. या इमारतीत शिरले की तिचा हात माझ्या कोपरावर असतो. मी एकदा इथून पळून गेलो होतो तेव्हापासूनची ती सवय आहे. तेवढ्यात डॉक्टर आले, मुलीने लिहिलेले त्यांनी उभ्याउभ्या वाचले, आणि माझ्याकडे न पाहता बायकोला म्हणाले, "वहिनी, हे श्रेय तुमचं. एक दिवस चुकू दिला नाहीत तुम्ही. मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देतो." तिचा हात माझ्या कोपरावरून निघाला. एवढेच घडले. पण माझी बायको उत्तर दिल्याशिवाय राहणारी बाई नव्हे. कौतुक केले तर ती कौतुक करणाऱ्यालाच चिमटा काढते. त्या दिवशी तिने पर्स उघडली आणि तिच्यात नसलेले काहीतरी ती बराच वेळ शोधत राहिली.

परतीच्या बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली आणि ती दुकानांच्या पाट्या वाचत बसली. मी त्या रिकाम्या कोपराचा विचार करत होतो. कुठेतरी पाणी मुरत आहे असे वाटणे, या अवस्थेशी माझा जुना परिचय आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संशोधन संस्थेच्या वाचनालयात, हिरव्या दिव्यांखाली, माझी खात्री पटली होती की शेजारच्या टेबलावरचा सूचीकार, म्हणजे आमच्या ग्रंथांच्या अखेरच्या सूच्या तयार करणारा तो सभ्य, मानेला मफलर गुंडाळलेला गृहस्थ, मी उठून गेलो की माझ्या टिपांतले शब्द बदलतो. त्याचा खोकला ही खूण होती. तो खोकला की दुसऱ्या टोकाला कोणाची तरी खुर्ची सरके, आणि माझ्या पानावरचा एक शब्द पूर्वी होता तो राहत नसे. मी दारामागे उभा राहून ऐकू लागलो. शेवटी सगळी मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची पाने, घरी आणून ती मी न्हाणीघरातल्या टबात भिजत घातली, म्हणजे निदान यापुढे त्यांत कोणाला हात घालता येऊ नये. बायको कामावरून आली तेव्हा मी बाही दुमडून पाण्यातला लगदा ढवळत होतो. तिने आधी नळ बंद केला आणि मग मला विचारले, "पंडित, हे धुऊन झालं की वाळत कुठे घालायचं?" थट्टा करत असतानाच ती फोनकडे चालली होती, हे मला पुष्कळ नंतर उमगले.

मग गोळी आली. फिकट पिवळी, मधोमध रेघ असलेली. तिच्यावर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. स्वयंपाकघरातले शीतकपाट घरघरायचे थांबते आणि इतका वेळ ते घरघरत होते हे तेव्हाच कळते, तसा तो संशय थांबला. सूचीकार पुन्हा नुसता खोकला झालेला माणूस झाला. त्यानंतर बाकीचे सगळेही एकेक करून थांबत गेले. जीभ लोकरीची झाली. लेखणी धरलेला हात कापू लागला. अन्नातले मीठ गेले. विनोद झाला आहे एवढे मला कळे, दूरच्या नात्यातल्या कोणाची तरी बातमी कळावी तसे. त्यावर काही करायचे असते हे आठवेपर्यंत खोलीतले लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असत. पलंगाच्या माझ्या बाजूला मी बांधून ठेवलेल्या पार्सलसारखा झोपत असे. बायको कधी अंधारात विचारी, "पंडित, आहेस का?" मी म्हणे, "आहे." आमचा संवाद तेवढाच. संस्थेने दयाबुद्धीने मला पृष्ठांक तपासण्याचे काम दिले. डॉक्टर दर भेटीत म्हणत, प्रकृती स्थिर आहे. फर्निचरबद्दलही हेच म्हणता येते. मी गोळीचा द्वेष करत असे आणि बिनतक्रार ती घेत असे, कारण तिच्याशिवायचा मी कोण होतो ते मला आठवत होते. विचारणाऱ्यांना मात्र मी साळसूदपणे सांगे की उत्तम वाटते. म्हणजे प्रतीक्षालयातल्या त्या वाक्याचा मी तेव्हाही खोटाच साक्षीदार होतो.

आणि मग, गेल्या काही महिन्यांत, काहीतरी बदलले. एके दिवशी सकाळी मी अंडे खाताना म्हणालो, "खारट झालंय." बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. ती हसते आहे की रडते आहे हे मला ठरवता येईना, आणि ते ठरवावेसे वाटले हीसुद्धा नवलाचीच गोष्ट होती. हात स्थिरावला. पृष्ठांक तपासता तपासता मला एका जुन्या टीकाकाराची लबाडी सापडली आणि मी तिच्यावर लेख लिहायला घेतला. संध्याकाळी त्यातले परिच्छेद बायकोला वाचून दाखवू लागलो. ती म्हणे, बिचारा मरून इतकी शतकं झाली, आता तरी सोड त्याला. आम्ही भांडू लागलो. भांडणासाठी दोन माणसे लागतात हे त्या घराला नव्याने कळले. सुट्टीच्या एका दुपारी तिने न बोलता पडदे ओढले. मी मानले की शरीर अखेर औषधाला सरावले. डॉक्टरांनी मानले की औषध लागू पडले. संशोधक मुलीने मानले की दृष्टिकोन अनुकूल झाला. बायकोने काय मानले ते कोणीच विचारले नाही.

अलीकडे मात्र वाचनालयात तो खोकला पुन्हा माझ्या कानात अडकू लागला होता. सूचीकार आता थकला आहे, निवृत्तीला आला आहे, त्याला खोकायचा पूर्ण अधिकार आहे. तरीही तो खोकला की मी खुर्ची सरकण्याची वाट पाहत असे, आणि खुर्ची सरके. वाचनालयात खुर्च्या सरकतातच, हे मी स्वतःला बजावत असे. इतक्या वेळा बजावावे लागते यातच काय ते आले, हेही कळत असे. तीन दिवसांपूर्वी सकाळी जिन्यातली पावले आमच्या दारापाशी थांबल्यासारखी वाटली म्हणून मी दाराला कान लावून उभा राहिलो. मला कोणी पाहिले नाही, अशी माझी समजूत होती. संशय हा पाहुणा मागच्या दाराने येतो, पण कपडे नेटके करून, पुराव्यांची पिशवी घेऊन येतो. त्याला हाकलणे असभ्यपणाचे वाटते. माझ्यासारख्या माणसाची खरी अडचण अशी की एकदा चुकीचा संशय घेतल्यावर बरोबर संशय घेण्याचा हक्कही त्याच्याकडून काढून घेतलेला असतो. घरात गॅसचा वास आला तरी तो आधी स्वतःच्या नाकाची चौकशी करतो. पण बायकोचा हात कोपरावरून निघाला होता. तो माझ्या मेंदूने काढलेला नव्हता.

आमच्या व्यवसायात एक जुना नियम आहे. एकाच जागी दोन नकलांत दोन वेगळे शब्द आढळले आणि त्यांतला एक सोपा, एक अवघड असला, तर अवघड तो मूळचा मानावा. कारण नक्कल उतरवणारा कळलेले सोपे करत नाही, न कळलेले सोपे करतो. या नियमावर मी माझे सगळे नाव कमावले आहे. आता तो मी माझ्या बायकोला लावला. सोपा अर्थ असा, की ती थकली होती आणि चारचौघांत झालेल्या कौतुकाने अवघडली. अवघड अर्थ मी बसथांब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यातच जुळवला आणि पुढचे काही दिवस तो तपासत राहिलो. गोळी मधे कधीतरी पिवळीची पांढरी झाली होती. मी विचारले तेव्हा बायको म्हणाली होती, "कंपनी बदलली. इतकी वर्षं पिवळी का होती हे कधी विचारलं नाहीस, आता पांढरी का हे मात्र पंडितांना हवंय." मी हसलो होतो, आणि हसू आल्याच्या आनंदात प्रश्न विसरून गेलो होतो. पूर्वी गोळी गिळली की ती म्हणे, जीभ दाखव. आता ती तोंडाकडे पाहतच नसे. माझे डोळे निरखून पाही, दूध उतू जाईल का याकडे पाहावे तशी. औषधांची पाकिटे औषधांच्या फडताळातून तिच्या कपड्यांच्या कपाटात गेली होती. डॉक्टर माझ्याऐवजी तिचे आभार मानत होते. मुलगी लिहून घेत होती. म्हणजे माझ्यावर मला न सांगता नवे काहीतरी चालवून पाहिले जात होते, तिच्या संमतीने, तिच्या हातून. अर्थ सुरेख बसला. एकही पुरावा उरला नाही, एकही वाया गेला नाही. मूर्ख संपादकाच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची घटका ती हीच.

काल सकाळी तिने नेहमीप्रमाणे काचेच्या लहान वाटीत गोळी आणून ठेवली. ती मी तोंडात टाकली, पाणी प्यालो, आणि गोळी गालाच्या आत दाबून धरली. ही विद्या वरच्या मजल्यावर शिकलेली. तिथे तीच तेवढी शिकण्यासारखी होती. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि गोळी दाताखाली धरली. खऱ्या गोळीची चव मला पाठ होती. ती कडू असते, आणि तिचा कडूपणा पाण्यामागून सावकाश येतो. ही मात्र आंबटगोड होती. लहानपणी सर्दी झाली की आई असलीच एक गोळी हातावर ठेवायची. ती पुरवून खाण्यासाठी मी सर्दी लांबवत असे. मी टबाच्या काठावर बसलो. अवघड अर्थ पुरेसा अवघड नव्हता. माझ्यावर नवे काही चालवले जात नव्हते, माझ्यावर काहीच चालवले जात नव्हते. जो रुग्ण औषधामुळे सुधारला, ज्याचा दृष्टिकोन अनुकूल, ज्याचे उदाहरण सर्वांना देण्यात येते, त्याच्या पोटात कित्येक महिने सर्दीची गोळी जात होती. मला हसू आले असते. पण लगेच दुसरी गोष्ट दिसली आणि मी नळ बंद केला. औषध नव्हते, तर सूचीकाराचा खोकला खरोखरच परत आला होता. ज्या संशयाने मला सत्यापर्यंत आणले तो संशय आजाराचाच होता. मी बरोबर होतो आणि मी आजारी होतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या.

बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सफरचंद कापत होती. अर्धी उरलेली गोळी मी तिच्यासमोर ठेवली आणि विचारले, "ही कुठल्या कंपनीची?"

तिने तुकड्याकडे पाहिले. "चावलीस? ती चावायची नसते."

"ही चावायचीच असते. लहान मुलं चावतात."

"सर्दी तरी झाली नाही ना तुला यंदा," ती म्हणाली, आणि तिचे ओठ थरथरले. मला हसू येऊ घातले. सर्वांत जास्त राग मला त्याचाच आला.

"कधीपासून?"

"आधी बस. उभा राहिलास की वकील वाटतोस."

मी बसलो. डॉक्टरांना माहीत आहे का, असे विचारले. तिने मान हलवून नाही म्हटले. ते कौतुक करत होते तेव्हा धरणीने पोटात घ्यावे असे तिला झाले होते, एवढे ती म्हणाली. मग मी बोललो, आणि आवाज चढवला नाही. त्यांनी मला न विचारता औषध घातले. तू मला न विचारता काढलेस. माझ्या पोटात काय असावे याविषयी या गावात सर्वांना दृष्टिकोन आहे आणि तो पोटाला शेवटी कळवला जातो, तेही त्याने स्वतः चावून पाहिले तर. माझ्या ओल्या पानांचा लगदा पाहिलेली तू एकटी, आणि तूच माझ्याशी जुगार खेळलीस. तिने यातले काहीही नाकारले नाही. सफरचंदाच्या फोडी तांबूस पडत चालल्या होत्या. मग तिने फक्त एकच गोष्ट विचारली. "खोकला परत ऐकू येतोय ना?"

मी म्हणालो, "हो." माझ्या आजाराविषयी कोणालाही मी दिलेले ते पहिले खरे उत्तर असावे.

ती उठली, आतून रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा घेऊन आली आणि तो टेबलावर ठेवून तिने हात मागे घेतला. पिवळ्या गोळ्या होत्या. कंपनी कधीच बदललेली नव्हती. ती दर महिन्याला त्या आणत होती आणि कपड्यांखाली ठेवत होती. घे म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. त्याच वेळी जिन्यात पावले थांबली. मी दाराकडे पाहिले, आणि मी पाहिले हे तिने पाहिले. "वरचे आजोबा आहेत," ती म्हणाली. "गुडघे दुखतात, म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबतात." मी तिच्यावर विश्वास ठेवला. ओझे उचलून फळीवर ठेवावे तसा, दोन्ही हातांनी, नेट लावून ठेवला. मग एक गोळी दाबून काढली आणि घेतली. कडूपणा पाण्यामागून सावकाश आला.

आज सकाळीही मीच घेतली. उद्या आम्ही दोघे डॉक्टरांकडे जाणार आहोत. ते रागावतील, माझ्यावर रागावता येत नसल्यामुळे तिच्यावर रागावतील. मी कमी मात्रेविषयी विचारीन, दुसऱ्या औषधाविषयी विचारीन, आणि या वेळी जे वाटते तेच सांगेन. संशोधक मुलीला तिच्या पाहणीतले एक उत्तम उदाहरण खोडावे लागेल, ते बरेच झाले. माझा दृष्टिकोन प्रतिकूल आहे. या गोळीचा मी मनापासून द्वेष करतो, ती काय काय घेऊन जाते ते मला माहीत आहे, आणि मी ती घेतो. मीठ किती दिवस टिकते ते पाहायचे आहे. आज दुपारच्या जेवणात ते होते. बायको समोर बसून माझा चेहरा वाचत होती, आणि कसे झाले आहे हे विचारण्याचे तिला धाडस होत नव्हते. मी होऊन सांगितले, बरे झाले आहे, थोडे कमी आहे. तिने मिठाचे भांडे माझ्याकडे सरकवले आणि हात टेबलावरच राहू दिला.

त्या चौकटीतल्या वाक्याच्या आधाराला कोणी कधी तिचे म्हणणे देणार नाही, कारण ती रुग्ण नव्हे. माझ्या हिशेबी ती आरोपी आहे आणि या प्रकरणातली एकमेव विश्वसनीय साक्षीदारही. काल त्या टेबलाशी, मी गोळी घेतल्यावर, ती जे बोलली ते मी खाली उतरवतो. त्यात सोपे करण्यासारखे पुष्कळ आहे आणि मला अनुकूल करून घेण्यासारखेही आहे. मी एक अक्षर बदललेले नाही.

"हो, मीच बदलल्या. आधी पाकीट संपलं होतं आणि दुकान बंद होतं, म्हणून दोन-तीन दिवस सर्दीची गोळी दिली, तुझी सवय मोडू नये म्हणून. मग त्या आठवड्यात तू म्हणालास, अंडं खारट झालंय. त्यानंतर मी खरी गोळी वाटीत ठेवलीच नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. म्हणून कुणालाच विचारलं नाही. तुझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही, मला बोलायला माणूस हवा होता. आणि परवा तू दाराला कान लावून उभा होतास, ते मी पाहिलं. पाहिलं, स्वयंपाकघरात गेले, आणि वाटीत परत तीच आंबटगोड गोळी ठेवली."